फ्लाय बांधायचा संच: एक पावसाळा, एक हिवाळा वापरून झाल्यावर

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर फ्लाय बांधण्याचा नवशिक्यांसाठीचा संच ऑनलाइन मागवला. भारतीय बनावटीचा, किंमत चार हजारांच्या आसपास. आता उन्हाळा लागलाय आणि मधल्या काळात जेवणं आटोपली की बहुतेक रात्री तो संच टेबलावर निघालेला आहे. माझं मत आधीच सांगतो. हत्यारांसाठी हा संच जरूर घ्यावा. त्यातल्या पिसा-धाग्यांवर आणि सोबतच्या पुस्तिकेवर मात्र विसंबू नये. ते सगळं ट्राउट माशासाठी निवडलेलं असतं, आणि ट्राउट आपल्या देशात काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा थंड पाण्यातच आहे. पुण्याच्या आसपास आपली गाठ चिलापी, मरळ आणि नशीब असेल तर महसीरशी. त्यांच्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं साहित्य आपल्या पेठांमध्ये मिळतं, आणि ते शोधत फिरणं हा या छंदातला फार मोठा आनंद आहे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. गळावर धाग्याने पीस, लोकर, तार, केस बांधून पाण्यातल्या किड्याचा किंवा बारक्या माशाचा आभास तयार करायचा, तो फ्लाय. त्याला स्वतःचं वजन जवळजवळ नसतं, म्हणून तो फेकताना वजन दोरीचं वापरतात. दोरी जाड आणि जड, आणि तिच्या टोकाला निमुळता होत गेलेला पारदर्शक तंगूस. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून गळ टाकणाऱ्याला हे वेगळं वाटेल, पण एकदा आपण बांधलेल्या फ्लायकडे मासा वळताना पाहिला की माणूस त्यातून सहजी बाहेर येत नाही.

आता हत्यारं. मी भोसरीत टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे खोकं उघडल्यावर हात आधी व्हाइसकडे गेला. गळ घट्ट धरणारा छोटा शिकंजा म्हणजे व्हाइस. संचातला टेबलाच्या कडेला सी-क्लॅम्पने बसतो, जबडे मागच्या खटक्याने आवळतात. घेण्याआधी आपल्या टेबलाच्या फळीची जाडी मोजा. आमच्या जेवणाच्या टेबलाची कड जाड आहे, तिथे क्लॅम्प बसतच नाही, म्हणून मी इस्त्रीच्या टेबलाला लावतो. ज्यांना जागा बदलत बसायचं असेल त्यांनी जड बैठकीचा व्हाइस बघावा, तो कुठेही ठेवता येतो.

पकड तपासायची सोपी रीत आहे. गळाचा वाकलेला भाग जबड्यात धरा, दांडी आडवी ठेवा आणि गळाच्या डोळ्यावर (तंगूस ओवायच्या भोकावर) बोटाने खाली दाबा. दांडी किंचित लवून परत सरळ झाली तर पकड चांगली. गळ जबड्यातच फिरला तर खटका आणखी आवळायला हवा. दहा, बारा, चौदा नंबरचे गळ हा व्हाइस उत्तम धरतो. (गळाचा नंबर वाढतो तसा आकार लहान होतो, आणि एकच्या पुढे उलट: १/०, २/० असे मोठे होत जातात.) मरळीसाठी लागणारे मोठे, जाड तारेचे गळ मात्र त्याला जड जातात. काही महिन्यांनी जबड्यांच्या टोकाला बारीक खाच पडलेली दिसली, म्हणजे पोलाद पुरेसं कठीण केलेलं नाही. मोठा गळ जबड्याच्या टोकाला न धरता थोडा आत सरकवून धरला तर ताण विभागला जातो आणि खाच वाढत नाही. या किमतीत एवढं मी मान्य करतो.

बॉबिन होल्डर हे सगळ्यात जास्त हातात राहणारं हत्यार. धाग्याची रीळ दोन लवचीक पायांमध्ये बसते, धागा बारीक नळीतून बाहेर येतो आणि हत्यार लोंबत राहिलं तरी त्याच्या वजनाने धागा ताणलेला राहतो. संचातल्याची नळी धातूची होती आणि तिच्या तोंडाला नजरेला न दिसणारी धार राहिली होती. धागा सारखा तुटायचा. नळीत कापसाचं सूत ओढून बघितलं तर तंतू अडकायचे. जाड दोऱ्याला पॉलिश पेस्ट लावून तो नळीतून पुढे-मागे ओढला, तोंडावर फिरवला, आणि धार गेली. ज्यांना ही खटपट नको त्यांनी सिरॅमिक तोंडाचा बॉबिन होल्डर वेगळा घ्यावा. थोडे पैसे जातील, पण शिकण्याच्या पहिल्याच आठवड्यात धागा का तुटतो हे कळलं नाही तर माणूस स्वतःच्या हाताला दोष देऊन हा नाद सोडून देईल. तसं व्हायला नको. पाय फार घट्ट असतील तर ते हलकेच बाहेर वाकवा, रीळ मोकळी फिरते.

धाग्याबद्दल मला मनापासून सांगायचं आहे, कारण फ्लाय बांधणं म्हणजे निम्म्याहून जास्त धाग्याचा ताण सांभाळणं. धाग्याची जाडी डेनियरमध्ये सांगतात: ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. संचात ७० डेनियरचा धागा होता. तो बारीक फ्लायसाठी छान, पण नवशिक्याच्या हातात टिकत नाही. १४० डेनियरने सुरुवात करावी. तो तुटायच्या किती आधी कुरकुरतो हे बोटाला कळू लागलं की मग ७० घ्यावा. माझी आई शिवणकाम करते. तिने पहिल्याच दिवशी धागा चिमटीत धरून सांगितलं, "हा पिळाचा नाही, चपटा आहे. गुंडाळताना पीळ बसत जाईल, मधूनमधून उलटा फिरवून मोकळा कर." तेच खरं निघालं. उजव्या हाताने गुंडाळताना प्रत्येक वेढ्यासरशी धाग्यात पीळ चढतो, धागा गोल होतो आणि वेढे उंचवटे करतात. बॉबिन होल्डर लोंबता सोडून वरून बघत घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की धागा पुन्हा चपटा होतो. मग भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तसे वेढे एकाशेजारी एक बसतात. साधा शिवणाचा दोरा यासाठी घेऊ नये, तो जाड असतो आणि लहान गळावर त्याचीच गाठोडी होते. मशीन एम्ब्रॉयडरीचा चमकदार धागा मोठ्या फ्लायच्या अंगावर गुंडाळायला मात्र सुंदर दिसतो, आणि त्याच्या रंगांना पेठेत तोटा नाही.

कात्री संचातली ठेवली, पण तारेसाठी. पिसं कापायला लक्ष्मी रोडवरून भरतकामाची लहान, टोकदार कात्री आणली. तार कधीही कात्रीच्या टोकाने कापू नये, पात्यांच्या बुडाशी कापावी. बाकीच्या हत्यारांपैकी पीस धरणारा चिमटा (हॅकल प्लायर) चांगला आहे, सुई ठीक. केस एका ओळीत आणणारी नळी वर्षभरात क्वचितच लागली.

व्हिप फिनिशर या वाकड्या तारेच्या हत्याराला सगळे घाबरतात. शेवटी धागा स्वतःच्याच वेढ्यांखाली दाबून ओढून घ्यायचा, म्हणजे गाठ सुटत नाही, एवढंच त्याचं काम. कागदावर वाचून ते कळत नाही. आधी जाड नाड्याने मोठ्या गळावर बोटांनी तीच गाठ मारून पाहावी, धागा कुठून कुठे जातो ते डोळ्यांना दिसतं, आणि मग हत्यार आपोआप उलगडतं. वर लावायला तुळशीबागेतलं पारदर्शक नेलपॉलिश पुरेसं आहे. सुईच्या टोकाने एक थेंब, आणि तो गळाच्या डोळ्यात शिरलाच तर ओला असतानाच एक पीस डोळ्यातून आरपार ओढून काढावं.

प्रमाण हा दुसरा धडा. नवशिक्याचे सगळे फ्लाय पुढे डोळ्यापाशी गर्दी करतात, मग गाठ मारायला आणि तंगूस ओवायला जागाच राहत नाही. पहिल्या वेढ्याच्या आधी डोळ्यामागे डोळ्याएवढी जागा रिकामी सोडायची आणि काही झालं तरी तिच्यावर अतिक्रमण करायचं नाही. शेपूट दांडीएवढी, तरंगत्या फ्लायच्या मानेचं पीस गळाच्या तोंडाच्या दीड ते दोन पट. हे नियम फार जुने आहेत आणि पाण्यात त्यांचं कारण कळतं: प्रमाण बिघडलेला फ्लाय कलंडतो, गरगर फिरतो आणि तंगुसाला पीळ घालतो.

आता साहित्य. इथे पुणेकराला जे सुख आहे ते मी कितीही सांगितलं तरी कमीच.

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मोटर आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळायची इनॅमलची तांब्याची तार सुटी मिळते. ३८ गेज म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर, बारीक फ्लायच्या अंगावर वेढे द्यायला अगदी नेमकी. ३६ गेज जरा मोठ्या गळांसाठी. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याने त्याचा प्रसिद्ध फेझंट टेल निम्फ (पाण्यातल्या, पंख न फुटलेल्या किड्याची नक्कल करणारा फ्लाय) बांधताना धागा वापरलाच नाही, तांब्याच्या तारेनेच पिसं बांधली. तारेचं वजन फ्लायला खाली नेतं, आणि पिसाच्या फटींतून तांब्याचा लालसर रंग डोकावतो. तेच तत्त्व धरून मी मोरपिसाच्या दोऱ्यांखाली तारेचा थर देतो. वजनासाठी शिशाची तार वापरण्याची पद्धत आहे, पण शिसं विषारी आहे आणि घरात लहान मुलं असतात. त्याच दुकानातून शिसेविरहित सोल्डर तार घ्या. ती मुख्यतः कथलाची असते, शिशापेक्षा हलकी, म्हणून चार वेढे जास्त द्यायचे, इतकाच फरक.

रविवार पेठेत मण्यांच्या दुकानात मी गळ घेऊनच गेलो. दुकानातले काका म्हणाले, "दागिने करता का?" मी गळ दाखवला. त्यांनी तीन ट्रे पुढे सरकवले आणि स्वतःच एकेक मणी गळात ओवून बघू लागले. फ्लायसाठीच्या पितळी मण्याचं भोक एका बाजूने रुंद असतं, म्हणून तो गळाच्या वळणावरून सरकतो. दागिन्याच्या मण्याचं भोक सरळ, त्यामुळे तो अडकतो. उपाय सोपा: गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडने आधी दाबून सपाट करायचा. तो तसाही दाबावाच, मासा सोडताना जखम कमी होते. सरळ भोकाचे काचमणीही बहुतेक वळणावरून जातात आणि पाण्यात हवेच्या बुडबुड्यासारखे चमकतात.

फोम अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानात रंगीत शीट म्हणून मिळतो. मरळीसाठी पाण्यावर तरंगणारा बेडूक त्यातून कापता येतो. शेनील, म्हणजे केसाळ दोरा, हस्तकलेच्या दुकानात. गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं ओळखीच्या चिकनवाल्याकडून. ती साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, डांबरगोळ्यांसोबत बंद डब्यात ठेवायची. पिसं खाणारे बारीक किडे एकदा शिरले तर सगळा साठा संपवतात, म्हणून नवं पीस जुन्यात लगेच मिसळू नये. परदेशातले फ्लाय बांधणारे अनेक वर्षं भारतातून गेलेल्या कोंबड्यांच्या मानांवर हात बसवत आले आहेत, तेव्हा आपल्याला तरी कमीपणा वाटायचं कारण नाही. आपल्या कोंबड्याचं पीस मऊ असतं. तरंगत्या फ्लायला ते थोडं कमी पडतं, पण पाण्याखाली हलणाऱ्या फ्लायला तेच हवं.

मोरपीस हा या कलेतला राजा. त्याच्या कडेचे हिरवट, तांबूस झळाळणारे बारीक दोरे गळावर गुंडाळले की किड्याचं अंग जिवंत होतं, आणि तशी झळाळी कुठल्याही कृत्रिम धाग्यात मी पाहिलेली नाही. पण ते ठिसूळ असतात. दोन-तीन दोरे बांधणीच्या धाग्यासोबत पिळून मग गुंडाळावेत, वरून तांब्याची तार उलट दिशेने फिरवावी, म्हणजे एका माशाच्या दातांनी फ्लाय उसवत नाही. मोर राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. नैसर्गिकरीत्या गळलेलं पीस देशात वापरायला मुभा आहे, पण पिसांसाठी पक्ष्याला हात लावणं हा गुन्हा आहे. राखाडी रानकोंबड्याबद्दल तर हात जोडून सांगतो. सह्याद्रीतल्या या पक्ष्याच्या मानेवरच्या ठिपक्यांच्या पिसांना सामन माशाच्या शोभिवंत फ्लायसाठी जगभर मागणी असते. ती कुणी देऊ केली तरी घेऊ नका, आणि मुळशी-ताम्हिणीच्या जंगलात पडलेलं दिसलं तरी उचलू नका. त्या डोळ्यांसारख्या ठिपक्यांऐवजी प्लास्टिकचे नकली डोळे मिळतात, मासा फरक करत नाही. हरणाच्या केसांचंही तेच. परदेशी फ्लायमध्ये तिकडच्या हरणाच्या शेपटीचे केस असतात. मी त्याऐवजी बोकडाचे केस आणि मऊ खेळण्यांची कृत्रिम फर वापरतो.

काय बांधायचं हे पुस्तिकेने ठरवू नये, आपल्या पाण्याने ठरवावं. पानशेतच्या बाजूला एका ओढ्यात मी पाण्यातले दगड उलटून बघत बसलो होतो. दगडांच्या पोटाला चतुराची आणि टाचणीची पिल्लं चिकटलेली होती. चतुर आणि टाचणी पंख फुटण्याआधीचं आयुष्य पाण्यातच काढतात, हे शाळेत वाचलेलं असतं, पण हातावर घेऊन बघितल्यावर रंग, लांबी, चाल सगळं दिसतं. टाचणीचं पिल्लू बारीक, मळकट हिरवं, शेवटाला तीन पानांसारखे कल्ले, आणि पोहताना सगळं अंग डावी-उजवीकडे वळवतं. त्या रात्री बारा नंबरच्या गळावर हिरव्या माराबूची शेपूट, मोरपिसाचं अंग, पुढे काचमणी असा फ्लाय बांधला. (माराबू म्हणजे आता टर्की किंवा कोंबडीचं मऊ पीस. पूर्वी ते माराबू करकोच्याचं असे.) तिथल्या मासेमारी संस्थेची परवानगी घेऊन पुढच्या वेळी तोच फ्लाय टाकला. चिलापीने तो अगदी हळू, जवळजवळ न कळेल असा ओढला. दोरीचं टोक क्षणभर थांबलं, एवढीच खूण. तिथे जाळं टाकणारे एक मामा फ्लाय हातात घेऊन बराच वेळ निरखत राहिले आणि म्हणाले, "ही टाचणीची अळी आहे की." मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

चिलापी, म्हणजे मोझांबिक टिलापिया, १९५२ साली भारतात आणला गेला आणि आता आपल्या सगळ्या तलावांत पसरला आहे. तो बाहेरचा मासा आहे, त्यामुळे खायला घरी नेला तरी मला वाईट वाटत नाही. महसीरची गोष्ट वेगळी. दख्खनी महसीर, टोर खुद्री, याचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केलं, ते पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या नदीकडे बघून यावर विश्वास बसत नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांचं महसीर संवर्धन केंद्र १९७० च्या दशकापासून या माशाची पैदास करत आलं आहे. महसीर गळाला लागलाच तर हात ओले करून, शक्यतो पाण्यातच, बिनकाट्याच्या गळावरून त्याला सोडावं. पावसाळ्यात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. तेव्हा दोरी घरात ठेवावी आणि टेबलावर बसावं. जूनमध्ये संच घ्यायचा सल्ला मी त्यासाठीच देतो: चार महिने बांधायला मिळतात.

मरळीसाठी फोमचा बेडूक. ती पाणवनस्पतींच्या गर्दीत दबा धरते, म्हणून गळाच्या टोकापुढे जाड तंगुसाची कमान बांधायची, म्हणजे फ्लाय झाडोऱ्यात अडकत नाही. खडकाळ तळाच्या धरणांत बॉब क्लाउझर या अमेरिकी माणसाची युक्ती कामी येते. त्याच्या मिनो (म्हणजे बारका मासा) फ्लायमध्ये माशाचे वजनदार नकली डोळे दांडीच्या वरच्या बाजूला बांधतात, त्यामुळे पाण्यात फ्लाय उलटा होतो आणि गळाचं टोक वर राहतं. खडकवासल्याच्या काठच्या दगडांत एरवी जिथे फ्लाय हमखास गमवावा लागतो, तिथे हा परत येतो. डोळे बांधताना इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तिरपे वेढे आणि मग डोळ्यांखालून गोल वेढे द्यायचे. ते हलले तर नेलपॉलिशने काही होत नाही, पुन्हा बांधावं लागतं.

पुण्याच्या पावसाळी हवेने संचातले मिश्र गळ गंजले, पॅकिंग साधं पिशवीचं होतं. गळ झाकणाच्या बारीक डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आणि संचातले मिश्र गळ संपले की पुन्हा मिश्र घेऊ नका. बारा नंबरचे एकाच कंपनीचे भरपूर घ्या आणि एकच नमुना ओळीने बांधत राहा. शेजारी शेजारी ठेवलेल्या फ्लायांमध्ये हात कुठे सुधारला ते स्पष्ट दिसतं. माझी सुरुवात वूली बगरने झाली, पेन्सिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंगने १९६७ च्या सुमारास बांधलेला हा नमुना. माराबूची शेपूट, शेनीलचं अंग, त्यावरून गोल फिरवलेलं कोंबड्याचं पीस. तीन साहित्यांत सगळी मूलभूत कामं येतात, आणि आपल्याकडे तो चिलापीपासून मरळीपर्यंत सगळ्यांना चालतो.

ज्यांना बारीक कामाची आवड आहे, भरतकाम, घड्याळदुरुस्ती, मण्यांचं काम, त्यांनी मासेमारी येत नसली तरी हा संच घ्यावा. चाळिशी पार केलेल्यांनी सोबत भिंगाचा दिवा घ्यावा, टेबलाच्या मागे पांढरा किंवा फिकट निळा कागद उभा करावा, गळ उठून दिसतो. मी पुढच्या पावसाळ्याआधी कठीण जबड्यांचा, दांडीभोवती पूर्ण फिरणारा रोटरी व्हाइस घेणार आहे. हा जुना व्हाइस शेजारच्या नववीतल्या मुलीला द्यायचा ठरलंय. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे आणि तिने माझ्या टेबलावर बसून बांधलेल्या पहिल्याच फ्लायचा डोळा अगदी मोकळा होता.